झेंड्याआधी भाकरी नाही

ट्रकवाला कितीही भुकेला असो, मामांच्या हॉटेलात त्याला आधी झेंडा मिळायचा आणि मग भाकरी. नगरकडून किंवा पुण्याकडून येणारा ट्रक हळू झालेला दिसला, की मामा ओसरीवरून उठायचे, पायात चपला सरकवायचे आणि अंगणाच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. डाव्या हातात लाल झेंडा, उजव्यात हिरवा, गळ्यात शिट्टी. आधी रस्त्यावरची बाकीची वाहनं लाल दाखवून थोपवायची. मग ट्रक उलटा आत घ्यायला लावायचा, म्हणजे जाताना त्याचं तोंड रस्त्याकडं राहील. चाकाखाली दगड लावून घ्यायचा. मग ट्रकभोवती एक फेरी, टायरला हात लावून बघणं, आणि सगळं मनासारखं झालं की स्वैपाकघराच्या खिडकीकडं वळून हिरवा झेंडा वर. तो मला असायचा. तो दिसला की मी तव्यावर भाकरी टाकायची. त्याआधी टाकलेली भाकरी मामा गिऱ्हाइकाला वाढू देत नसत. स्वतः खायचे.

"गाडी आधी, मानूस मग," असं म्हणायचे. यावर कुणी हसलं तर त्यांना वाईट वाटायचं नाही. नवा ड्रायव्हर मात्र हमखास चिडायचा. एक सरदारजी पहिल्यांदा आले तेव्हा खाली उतरून म्हणाले, रोटी खायला आलोय की परेडला? मामांनी त्यांना शांतपणे चाकाखालचा दगड दाखवला. पुढं तेच सरदारजी दुसऱ्या ड्रायव्हरांना दगड आणून द्यायचे.

मामा, म्हणजे सगळ्यांचेच मामा, दौंडला रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. रिटायर झाल्यावर त्यांनी शिरूरला, जुने लोक ज्याला अजून घोडनदी म्हणतात तिथं, गावाबाहेर पुणे-नगर रस्त्याला लागून जागा घेतली आणि जेवणाचं हॉटेल टाकलं. जागा रस्त्याकडेनं लांबच लांब होती, पण रुंदी काही नव्हती. पुढं रस्ता, मागं ओढ्याची दरड. रेल्वेच्या माणसाला अशीच जागा पसंत पडणार, फलाटासारखी, असं लोक म्हणायचे. मामांना ते आवडायचं. पुण्याकडं जाणारा ट्रक त्यांच्या लेखी अप होता आणि नगरकडं जाणारा डाऊन. आमटीला उशीर झाला तर ते गिऱ्हाइकाला "आमटी लेट हाय" असं गंभीरपणे सांगायचे आणि किती लेट तेही सांगायचे.

गार्डाचा डबा गाडीच्या शेवटी असतो. सगळा जन्म तिथं गेल्यामुळं मामांना कुठंही पुढं बसवत नसे. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, ते शेवटच्या बाकावर बसायचे. एस.टी.त शेवटच्या सीटवर. टांग्यात टांगेवाल्याकडं पाठ करून. कुणी विचारलं तर म्हणायचे, पुढचं ड्रायव्हर बघतो, मागं काय पडलं, काय सुटलं, ते बघायला बी कुणीतरी पायजे.

जेवायच्या आधी ते प्रार्थना करायचे. ख्रिस्ती होते, पण आलेल्या माणसाला हात जोडायला लावत नसत. स्वतः उभे राहून, डोळे मिटून, सगळ्यांच्या वतीनं हळू आवाजात बोलायचे. अन्नाबद्दल आभार मानून झाले की शेवटी एक वाक्य असायचंच, की बापा, यांचे ब्रेक लागू देत. भजन करणारे ड्रायव्हर, नमाज पढणारे ड्रायव्हर, सगळे त्या वाक्यापर्यंत घास हातात धरून थांबायचे. ब्रेक सगळ्यांनाच होते.

मी मूळची देवगडच्या बाजूची. चौथीतून शाळा सुटली. लग्न होऊन दौंडला आले, नवरा रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकायला होता. तो तापानं गेला आणि क्वार्टर रिकामं करा म्हणून माणूस येऊन सांगून गेला. गावी दीर होते, पण मी त्यांच्या दारात जाणं त्यांनाही नको होतं आणि मलाही. मामा नवऱ्याला ओळखत होते. दाराशी आले, आत आले नाहीत. भाकरी येते का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तांदळाची येते. ते म्हणाले, "बाजरीची येईल. चल."

माझ्या पहिल्या महिन्यातल्या बाजरीच्या भाकऱ्या थापता थापताच दुभंगायच्या. मी रडकुंडीला यायचे. मामा ते तुकडे ताटात जोडून ठेवायचे आणि खायचे. डबे सुटले म्हणून कुणी गाडी टाकून देतं का, म्हणायचे. मी मुळातच घाबरट. पीठ आहे ना म्हणून डबा दिवसातून चारदा उघडून बघणार, दारात कुणी पट्टेवाला किंवा शिपाई दिसला की मला काढायलाच आलाय असं वाटणार. मामा फक्त खोलीची कडी आतून लागते का, ते एकदा येऊन बघून गेले.

सूट हा शब्द त्यांना खपत नसे. मांडवगणचे एक बागाईतदार आप्पा नेहमी यायचे. गुळाचा ट्रक घरचा, गावात वजन, बोलायला मोकळे. एकदा घाईत होते. चहा घेऊन लगेच निघतो, ट्रक आडवाच राहू द्या, एवढी सूट द्या की, असं म्हणाले. मामांनी लाल झेंडा खाली घेतलाच नाही. म्हणाले, "आप्पा, सूट घेनारा पयला मानूस नीट जातो. त्याच्या मागनं येनारा चिरडतो." आप्पा ट्रक सरळ करून आले आणि चहाबरोबर दोन शिव्याही देऊन गेले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आले.

असा माणूस, आणि त्याच्याच हॉटेलाला नोटीस आली.

सायकलवरून शिपाई आला तेव्हा माझ्या हातातला गोळा परातीतच राहिला. मामांनी चष्मा लावून नोटीस ओसरीवर वाचली. रस्त्यावरची वाहतूक वाढली होती. बांधकाम खात्यानं सगळ्या हॉटेलांना कळवलं होतं, की गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या करायची जागा रस्त्याच्या कडेपासून तीस फूट मागं पाहिजे. तशी नसेल तर हॉटेलाचं लायसन पुन्हा मिळणार नाही. आमच्या ओसरीपासून रस्त्यापर्यंतचं सगळं अंगण मिळूनच तेवढं होत नव्हतं, आणि ट्रकचं नाक तर रस्त्याच्या अगदी जवळ यायचं. मागं सरकावं तर दरड.

मी विचारलं, आता? मामांनी नोटीस घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "बरोबर हाय. नियम बरोबर हाय."

दुसरा कुणी असता तर वकील गाठला असता, नाहीतर लायसनची मुदत संपेपर्यंत गप्प राहिला असता. मुदत संपायला अजून अवकाश होता. मामांनी त्या क्षणापासून नियम पाळायला सुरुवात केली. अंगणाच्या तोंडाशी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रकला लाल झेंडा दाखवून पुढं पाठवू लागले. सरदारजींनी काच खाली करून विचारलं, गार्डसाब, रोटी नहीं? मामा म्हणाले, रोटी है, जगह नहीं. आणि हिरवा दाखवला, पुढं जाण्याचा.

मी चुलीपुढं बसून राहायचे. खिडकीतून झेंडा दिसायचा नाही, म्हणून तवा थंड. पायी येणारे दोन-चार लोक जेवायचे, तेवढंच. काही ड्रायव्हर मात्र हट्टी. ते थोडं पुढं, बाभळीच्या वळणाला, रस्त्याच्या कडेलाच ट्रक उभा करायचे आणि धावत रस्ता ओलांडून जेवायला यायचे. मामा ओसरीवरून तिकडं बघत बसायचे. एकदा एक क्लीनर पळत येताना एस.टी.च्या पुढ्यात आला. एस.टी.नं ब्रेक लावला, शिव्या झाल्या, झालं काही नाही. मामांनी त्या दिवशी ताट तसंच ठेवलं.

आप्पा येऊन समजावून गेले. साहेबाकडं अर्ज करा, जागेची अडचण सांगा, अशी सूट देतात, शेजारच्या तालुक्यात दिलीय. मामा ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. एवढी वर्षं लोकांना नाही म्हटलं, आता स्वतःसाठी कुठल्या तोंडानं मागू, असं त्यांनी आप्पांना नाही, मला सांगितलं, भांडी घासता घासता. ते भांडी पण घासू लागले होते तेव्हा. रिकामे बसवत नव्हतं.

मी माझं बोचकं बांधून ठेवलं. काढून टाकायची वेळ येण्याआधी आपण निघावं, म्हणजे मामांना तोंड उघडावं लागणार नाही, असा माझा हिशेब. बोचकं त्यांच्या नजरेला पडलं. विचारलं, कुठं? मी म्हटलं, गावी, दिरांनी बोलावलंय. मामांना माझे दीर ठाऊक होते.  बोचक्याची गाठ नीट बसली नव्हती, ती त्यांनी सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि ते उचलून आपल्या खोलीत नेऊन ठेवलं. म्हणाले, "लगेज गार्डाकडं ऱ्हातं."

सकाळी त्यांनी रेल्वेतला पांढरा कोट चढवला. बटणं पितळेची होती, ती रांगोळीनं घासलेली. आम्ही दोघं एस.टी.नं दौंडला गेलो, बांधकाम खात्याचं ऑफिस तिथं होतं. शेवटच्या सीटवर बसून अख्ख्या रस्त्यानं धूळ खाल्ली. मी का बरोबर, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, तुझ्यासाठी मागायला चाललोय, तर तू समोर पायजेस, न्हाईतर माझी जीभ मागं जाईल.

साहेब तरुण होते, टेबलावर नकाशे. आधीच दोन हॉटेलवाले बसले होते आणि हा नियम कसा जुलमी आहे ते सांगत होते. आमची पाळी आली तेव्हा साहेबांनी कंटाळून विचारलं, तुमचं काय म्हणणं?

मामा उभेच होते. "नियम बरोबर हाय, साहेब."

साहेबांनी वर बघितलं.

"आनि मी तो पाळतोय. नोटीस आली त्या दिवसापासनं एक गाडी आत घेतली न्हाई."

"मग अर्ज कशाचा?"

मामा टोपी हातात फिरवत होते. तो शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. माझ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "सूट पायजे." आणि एकदा निघाल्यावर मग सगळं सांगितलं. की अंगणातून घालवलेल्या गाड्या आता वळणावर उभ्या राहतात, माणसं पळत रस्ता ओलांडतात, एक पोरगं थोडक्यात वाचलं. जागा वाढत नाही, मागं दरड आहे. आत घेतल्या तर जवळ पडतात, घालवल्या तर रस्त्यावर पडतात. आपण झेंडा दाखवून आत घेतो, झेंडा दाखवून बाहेर काढतो. यातलं काय चालेल ते साहेबांनी सांगावं. शेवटी म्हणाले, ही बाई आपल्याकडं भाकरी करते, तिला दुसरं ठिकाण नाही. हे अर्जात लिहिलेलं नाही, पण आहे.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि मी पदराचं टोक चावायचं थांबवलं. ते म्हणाले, मी येऊन बघतो. नेहमीसारख्या गाड्या लावून दाखवा, त्या दिवसापुरती माझी परवानगी.

ते येणार त्या दिवशी आप्पांनी आपला ट्रक पाठवला, स्वतःही आले, आणि मामांना बाजूला घेऊन बजावलं, की आज तरी साहेबाशी जरा गोड राहा. मामा व्हय म्हणाले. मग असं झालं, की सरदारजींचा ट्रक अंगणातून बाहेर निघत अर्ध्या रस्त्यात होता, आणि तेवढ्यात साहेबांची जीप आली. मामांनी जीपला लाल झेंडा दाखवला.

जीपच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मामा हलले नाहीत. ऊन मरणाचं. जीपला वरून ताडपत्री, आत साहेब घाम पुसताहेत, आणि हे रस्त्याच्या मध्ये लाल झेंडा धरून ट्रककडं बघत उभे. सरदारजींनी गडबडीत ट्रक बंद पाडला. तो पुन्हा चालू होईपर्यंत आप्पांनी ओसरीवर डोक्याला हात लावून घेतला होता आणि मी खिडकीत देवगडच्या देवांपासून सगळ्यांना हाका मारत होते. ट्रक निघून गेला. मग मामांनी रस्ता दोन्हीकडं बघितला आणि जीपला हिरवा दाखवला. एवढ्यावर थांबले नाहीत. जीपही उलटी आत घ्यायला लावली आणि चाकाकडं बोट दाखवलं. साहेब खाली उतरले, इकडंतिकडं बघितलं आणि स्वतः दगड आणून चाकाखाली सरकवला.

मग खिडकीकडं हिरवा झेंडा वर झाला. माझ्या हातून त्या दिवशी भाकरी मोडली नाही, ते कसं, मला आजही सांगता येणार नाही.

जेवताना साहेब म्हणाले, "मामा, तुम्ही मला रस्त्यात थांबवलंत."

"लाल झेंड्याला साहेब दिसत न्हाई, साहेब."

आप्पांना ठसका लागला. साहेब मात्र खाली मान घालून आमटी भुरकत राहिले.

सूट मिळाली. अट अशी होती, की झेंडेवाला उभा असेल तोवरच गाड्या आत घ्यायच्या आणि बाहेर काढायच्या. एकदा जरी झेंड्याशिवाय गाडी हललेली दिसली तर सूट रद्द. आप्पा म्हणाले, सुटलात. मामांना तसं वाटलं नाही. त्या दिवसापासून कुणाला नियम सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली आलेला असायचा. दुपारी चूल विझल्यावर आलेल्या माणसाला ते पूर्वी पाण्याच्या तांब्यावर परत पाठवायचे. आता मला विचारायचे, काही उरलंय का गं? आणि पुटपुटायचे, आपल्याला बी दिलीय कुणीतरी.

उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत ते उभे राहिले, कितीतरी वर्षं. गुडघे गेले तेव्हा तोंडाशी एक खुर्ची ठेवली, पण ट्रक आला की उठायचेच. मग डोळे गेले. मोतीबिंदू पिकत चालला होता आणि ते कुणाला सांगत नव्हते. लाल डाव्या हातात, हिरवा उजव्या, या सवयीवर काम चाललं होतं. एका सकाळी वाळत घातलेले झेंडे मी त्यांच्या हातात उलटे दिले, आणि मामांनी तसेच घेतले. मी ओरडले. ट्रक अजून लांब होता. मामांनी दोन्ही झेंडे डोळ्यांजवळ नेऊन बघितले, मग माझ्या हातात दिले.

"आजपासनं तू."

मी नाही म्हटलं. बाईमाणसानं हमरस्त्यावर झेंडे घेऊन उभं राहायचं, त्या काळात, शिरूरला. मला वाण्याच्या दुकानात दोन माणसं पुढं असली तर मागं सरायची सवय. मामांनी माझी परीक्षा घेतली, खरोखरची, रेल्वेत घेतात तशी. ट्रक अर्धा बाहेर आहे आणि अपकडून एस.टी. येतेय, काय दाखवशील? मी बरोबर सांगायचे. प्रत्यक्षात मात्र माझा झेंडा पदराआडून बाहेर यायचा नाही. मामा ओसरीवरून शिट्टी मारायचे. "वर. खांद्याच्या वर. छातीशी धरलेला झेंडा फकस्त धरनाऱ्याला दिसतो."

ड्रायव्हर चेष्टा करायचे. बाई, वरात कुणाची? कुणी मुद्दाम पुढं सरकायचं. एकदा बांधकाम खात्याचे ओव्हरसीयर पाहणीला आले आणि त्यांनी विचारलं, झेंडेवाला कुठाय? मला वाटलं, सूट आता माझ्यामुळं जाणार. मामांनी माझ्याकडं बोट केलं. ओव्हरसीयर हसले आणि सायकल तशीच अंगणाच्या तोंडात लावू लागले. मी लाल दाखवला. हात खांद्याच्या वर होता. त्यांनी सायकल आत नेऊन भिंतीला लावली आणि पुढं कधी तो विषय काढला नाही.

मामांची मुलगी केडगावला मिशनच्या शाळेत शिकवत होती. शेवटी तीच त्यांना न्यायला आली. मामांनी हॉटेल माझ्या हाती दिलं, आणि त्याबद्दल मला बोलू दिलं नाही. माझं बोचकं मात्र खोलीतून आणून ओट्यावर ठेवलं. इतक्या वर्षांत त्याची गाठ सोडलेली नव्हती.

आप्पांचा ट्रक त्या दिवशी केडगावला जाणार होता. मामा सवयीनं मागं पोत्यांवर चढायला निघाले. मुलीनं धरून पुढं ड्रायव्हरशेजारी, खिडकीशी बसवलं आणि स्वतः दोघांच्या मध्ये बसली. जन्मात पहिल्यांदा ते इंजिनाच्या बाजूला बसले असतील. अवघडून बसले होते. मी तोंडाशी जाऊन उभी राहिले. रस्ता दोन्हीकडं मोकळा होता. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, हात वर जाईना, झेंडा कसाबसा छातीशी धरलेला.

ट्रक घरघरत जागीच. मामांनी ड्रायव्हरला विचारलेलं मला ऐकू आलं. "झेंडा वर हाय का?"

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. बिचारा काय करणार. "न्हाई, मामा. छातीशी हाय."

"मग थांब."

"रस्ता मोकळा हाय की."

"थांब म्हनलं न्हवं."

इंजिन चालू, मुलगी खाली बघतेय, आप्पा ओसरीवर टोपी काढून उभे. मामा समोर बघत बसले होते, त्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि ते मी हात वर करण्याची वाट बघत होते. मी केला. खांद्याच्या वर, कोपर सरळ.

"आता हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"चल."

ट्रक रस्त्यावर चढला, वळला. खिडकीतून मामांचा हात बाहेर आला, तोही खांद्याच्या वर, आणि मान मागं वळलेली. बाभळीच्या वळणापर्यंत तो हात तसाच होता आणि माझा झेंडाही.

मागून हॉर्न वाजला. नगरकडून एक ट्रक येऊन थांबला होता, ड्रायव्हर खिडकीतून पोटावर हात फिरवून दाखवत होता. मी त्याला आधी लाल दाखवला. डोळे पुसायला तेवढा वेळ लागणार होता.